सगळं एकदम आलं तर

“अजून अर्धी टाकू का?” असं कुणीतरी डाव्या खांद्यामागून विचारलं आणि वीरभद्रचा हात आमटीच्या वाटीतच थांबला. प्रश्न साधाच होता. पुण्यातल्या ऑफिसच्या मागच्या गल्लीतल्या या खानावळीत रोज दुपारी कुणीतरी तो विचारायचंच. पण हा आवाज त्याने चार वर्षांपूर्वी ऐकला होता, दोनशे बायकांच्या पुढे, भोंग्यातून, आणि तेव्हा तो भाकरीबद्दल विचारत नव्हता. त्याने मान वळवली नाही. ताटावर आलेला हात फक्त पाहिला. मनगटावर गोंदणाचे पाच हिरवे ठिपके, बोटांच्या पेरांत पीठ. “नको,” तो म्हणाला. हात पुढच्या ताटाकडे गेला. मग त्याने हळूच पाहिलं. लुगड्यावरून खानावळीचा निळा ॲप्रन बांधलेली, पाठीत थोडी वाकलेली ती बाई शेजारच्या टेबलावरच्या पोरांना वाढत होती. खडकवस्तीच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष वच्छलाबाई. वीरभद्र अर्ध्या जेवणावरून उठला, हात धुतला आणि उन्हात येऊन उभा राहिला. तिने आपल्याला ओळखलं नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते सांगताना आपल्याला बरं वाटतंय हेही त्याच्या लक्षात आलं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला शिसारी आली.

त्या दुपारी समोरच्या पडद्यावर आकडे हलत होते, पण त्याला दिसत होती ती लिंबागणेशच्या पुढची, माळावरची खडकवस्ती. तेरा सालच्या पावसाळ्यानंतरची. विहिरींना पाणी होतं, गोठ्यांत गाई होत्या. संस्थेच्या दोनशे बारा सभासद बायका संकलन केंद्रापुढच्या मांडवात दाटीवाटीने बसल्या होत्या. दूध संघाने वीरभद्रच्या संशोधन संस्थेला एक अभ्यास दिला होता. जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेला वेगवेगळे धक्के बसले तर गावोगावच्या दूध संस्था तगतील का, ते संगणकावर हजारो वेळा घडवून पाहायचं. पावसाचा धक्का, वैरणीचा धक्का, दूध थंड करणारं केंद्र बंद पडण्याचा धक्का, दुधाचा भाव कोसळण्याचा धक्का. बीडचा माणूस म्हणून काम त्याच्याकडे आलं होतं. बायकांचा बेत होता तीन महिने पुरेल एवढा कडबा साठवायचा आणि ओला चारा मुरवून ठेवायला मुरघासाचे खड्डे खणायचे. अभ्यास म्हणत होता, एक महिन्याचा साठा पुरे, उरलेल्या पैशांत दूध थंड करायचा मोठा कूलर घ्या. वीरभद्रने ते मांडवात उभं राहून समजावलं. वैरण संपली तर साखर कारखान्याच्या उसाचे वाढे, हिरवे शेंडे, आहेत. पाणी आटलं तर संघाचा टँकर आहे. भाव पडला तर साठवलेल्या वैरणीवर निभावून नेता येईल. एक आधार गेला तर दुसरा उभाच आहे. तेव्हा वच्छलाबाईने भोंगा हातात घेतला होता. “साहेब, येक इचारते. ह्ये सगळं येकदम आलं तर?” वीरभद्र हसला होता. ते हसू त्याला आजही ओठांच्या कोपऱ्यात जाणवत होतं. “बाई, एकेक संकट दहा वर्षांत एकदा येतं. चारही एकदम यायला दहा हजार वर्षं लागतील. तेवढं कुठं थांबताय तुम्ही?” मांडव हसला. वच्छलाबाईही हसली, पदर तोंडाला लावून, सभेत आपण काहीतरी अडाणी बोलून गेलो अशा तऱ्हेने.

दहा हजार. दहा गुणिले दहा गुणिले दहा गुणिले दहा. शाळेतल्या पोरालाही जमेल असा गुणाकार, आणि तो तेव्हाच खरा, जेव्हा चारही संकटांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. संबंध किती, हे मांडायला एक तक्ता असतो. प्रत्येक संकटासमोर दुसरं संकट, आणि मधल्या रकान्यात आकडा. शून्य म्हणजे दोघं परके, एक म्हणजे दोघं एकाच दोरीला बांधलेले. वीरभद्रने तो तक्ता नीट भरला होता, हीच तर खरी बोच होती. चाळीस वर्षांचा पाऊस, वैरणीचे बाजारभाव, कारखान्याचे गाळपाचे हंगाम, सगळं गोळा करून त्याने आकडे काढले होते, आणि पाऊस आणि वैरणीच्या मधल्या रकान्यात आठ दशांशांवर काहीतरी आलं होतं. पण ते आकडे घातले की गणित स्थिर होईना. दर फेरीला उत्तर भलतीकडेच जाई. शुक्रवार होता. संचालकांचा दोनदा फोन येऊन गेला होता, सोमवारी अहवाल छपाईला जायला हवा. दुपारी चारच्या सुमारास, पंख्याखाली, वीरभद्रने मधले सगळे रकाने शून्य केले. गणित लगेच बसलं. रेषा गुळगुळीत झाल्या. त्याला नेमकं आठवत होतं ते त्यानंतरचं. तो खाली उतरला, कोपऱ्यावर बर्फ घातलेला उसाचा रस प्याला, आणि त्याला फार हलकं वाटलं. परिशिष्ट तीनच्या तळटिपेत बारीक इंग्रजी अक्षरांत त्याने एक ओळ टाकली होती, धक्के परस्परांपासून स्वतंत्र मानले आहेत. त्या ओळीचा तेव्हा त्याला अभिमानच वाटला होता. आपण काही लपवलं नाही, असा.

नंतर काय झालं ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंग त्याला फार काळ जमलं नव्हतं. चौदा साली पाऊस रुसला, पंधरा साली आलाच नाही. ऊस वाळला, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, म्हणून वाढे नाहीत. वाढे नाहीत म्हणून कडबा सोन्याचा झाला. पाणी नाही म्हणून टँकर माणसांनाच पुरेना. गाई आटल्या, दूध कमी झालं, म्हणून संघाने केंद्र बंद केलं. आणि त्याच वर्षी जगात कुठेतरी दुधाच्या भुकटीचा भाव पडला नि इथला दर खाली आला. या शेवटच्या गोष्टीला वीरभद्र बरेच दिवस धरून बसला होता. भुकटीचा आणि आपल्या पावसाचा काय संबंध? तो तर खरोखरच स्वतंत्र धक्का होता. पण चारांतला एक स्वतंत्र निघाला म्हणून उरलेल्या तिघांचे रकाने शून्य होत नव्हते. सोळाच्या उन्हाळ्यात वडिलांच्या वर्षश्राद्धाला तो बीडला गेला होता. दुसऱ्या दिवशी घरच्यांबरोबर कपिलधारला गेला. धबधब्याच्या जागी कातळावर नुसता काळा ओघळ होता, आणि भाविक त्या ओघळालाच हात जोडत होते. परतताना मांजरसुंब्याच्या फाट्यावर ड्रायव्हरने विचारलं, “आप्पा, पाटोद्याच्या रस्त्यानं लिंबागणेशचं दर्शन करून जायचं का? जवळच हाय.” वीरभद्र म्हणाला, “नको, उशीर होतोय.” दुपारचे बारा वाजले होते. कुठलाच उशीर होत नव्हता.

आणि त्याला ठाऊक नव्हतं असं तरी कुठे होतं? त्याचे वडील रुद्रप्पा यांचं बीडच्या मोंढ्याच्या बाजारात सरकी पेंडीचं दुकान होतं. तो बारा-तेरा वर्षांचा असतानाच्या एका दुष्काळात रुद्रप्पा रोज वेळेवर दुकान उघडत, गादीवर बसत, आणि कुणी येत नसे. वैरण महागली की पेंड जास्त खपेल, असं पोराला वाटत होतं. त्याने तसं म्हटलंही. रुद्रप्पांनी त्याला हाताला धरून दारात आणलं. समोरचा कापडवाला पंख्याने वारा घेत बसला होता. बांगड्यांचं दुकान बंद होतं. लोहार भाता सोडून झोपला होता. न्हाव्याच्या खुर्चीत न्हावीच बसला होता. “बग,” रुद्रप्पा म्हणाले, “पाऊस कुणाच्या येकट्याच्या दुकानात पडत न्हाई. म्हनून न्हाई पडला तर बी येकट्याचंच दुकान बसत न्हाई.” एवढं बोलून ते पुन्हा गादीवर जाऊन बसले होते. ते वाक्य वीरभद्रने पुढे कुठल्याशा परिसंवादात सांगून टाळ्या मिळवल्या होत्या. कळत नव्हतं असं नाही, कळून सोयीचं नव्हतं. वच्छलाबाई दिसली त्या संध्याकाळी बाकी सगळे गेल्यावर त्याने जुनी फाईल उघडली आणि तक्त्यात खरे आकडे घातले. नवं यंत्र जोरदार होतं, गणित वीस मिनिटांत बसलं. भावाचा धक्का सोडला तर उरलेले तीन एकदम येण्याची शक्यता चौदा वर्षांत एकदा. तो पडद्याकडे बघत राहिला. चौदा वर्षं म्हणजे एका गाईचं आयुष्य.

पुढचे आठ दिवस तो खानावळीत गेला नाही. बायको दानम्मा डबा देताना म्हणाली, “अचानक घरचं जेवण कसं आठवलं?” तो म्हणाला, पोट बरं नाही. नवव्या दिवशी तीनच्या सुमाराला, टेबलं रिकामी झाल्यावर, तो मागच्या दाराने आत गेला. वच्छलाबाई परातीत डाळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि शेजारचा पाट पायाने पुढे सरकवला.

“बसा, आप्पा. लई दिसांनी.”

“ओळखलंत?”

“पैल्याच दिशी वळखलं. पर तुमी वळख दाखवली न्हाई. म्या म्हनलं, साहेबाला चारचौगात अवघडल्यावानी होत आसल.”

तो पाटावर बसला. इकडे कधी आलात, घरी कोण असतं, असं विचारावं की नाही, ते त्याला कळेना. तिनेच सांगितलं. मालक धोंडीराम गावी आहेत, दम्याने बसून असतात. ती दीड वर्षापूर्वी इकडे आली. भाकरी थापायला गावाकडचा हात लागतो, म्हणून ठेवून घेतलं. हे सगळं ती डाळीतला खडा बाजूला टाकावा तसं एकेक सांगत होती, आणि त्यात तक्रारीचा सूर शोधूनही सापडत नव्हता. वीरभद्रला तो सूर हवा होता. तो असता तर त्याच्या उत्तरात काही बोलता आलं असतं.

“बाई, मी तुम्हाला जे गणित सांगितलं होतं,” तो एकदम म्हणाला, “ते चुकलं होतं.”

“व्हय. दिसलंच की ते.”

“चुकलं नव्हतं. चुकवलं होतं. चारही संकटं एकमेकांना ओळखत नाहीत, असं मी धरलं. मला माहीत होतं की ओळखतात.”

वच्छलाबाईचे हात थांबले. “वळखत न्हाईत?” तिने त्याच्याकडे खरोखरच्या नवलाने पाहिलं. “आवो, येका घरच्या जावा त्या. येक रुसली का बाकीच्या चूल पेटवत न्हाईत. ह्ये शेन काढनाऱ्या पोरीला बी ठावं हाय. म्हनून तर म्या इचारलं व्हतं.”

“हो. तुम्ही विचारलं होतं.”

“आन् तुमी हसला व्हता.”

ती पुन्हा डाळीकडे वळली. तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, नळ वाहत होता. मग ती खाली बघत म्हणाली, “गाई गेल्या, त्याचं आता काय. पर बाया म्हंत्यात, वच्छलानं साहेबाकडनं कायतरी घेतलं आन् कडब्याच्या जागी कूलर आनला. छबू माजी शेजारीन. तिची चंद्री गाय नेकनूरच्या बाजारात खाटकाला गेली, तवापासून तिनं माज्या दारात पाऊल न्हाई टाकलं. पान्यावर गेले का समद्या घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तिथं ऱ्हावून काय करू? मालक म्हनले, जा, थोडे दिस दूर ऱ्हा.” वीरभद्रला वाटत होतं, पोट तिला इथे घेऊन आलं. तसं नव्हतं. त्याने रकान्यात घातलेल्या शून्याने तिचं गाव तिच्यापासून तोडलं होतं. तिने परात बाजूला ठेवली. “माज्यापुढं सांगून काय उपेग? त्यांच्यापुढं सांगा. याल का?”

“कळवतो,” तो म्हणाला. आणि बाहेर पडल्यावर त्या शब्दाने त्याला घराच्या दारापर्यंत टोचलं. ‘कळवतो’ हा ऑफिसातला शब्द होता, नाही म्हणण्याचा.

दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्तीचं दोन पानांचं टिपण लिहून संचालकांपुढे ठेवलं. संचालक भले गृहस्थ होते. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला. “तळटीप आहे ना परिशिष्टात? मग आपण सांगितलेलंच आहे. गृहीतक पटत नसेल तर त्यांनी तेव्हाच हरकत घ्यायची.”

“अहवाल इंग्रजीत होता, सर.”

“संघाकडे इंग्रजी जाणणारे होते. हे बघा, तुम्ही फार मनाला लावून घेताय. चार वर्षं झाली, कोण उघडून बघतंय?” त्यांनी टिपण फाईलला लावलं आणि चहा मागवला. वीरभद्रने तो प्यालाही. आपल्याला काही होणार नाही, हे त्याला त्या चहाबरोबर उमगलं. नोकरी राहील, नाव राहील, पुढच्या अहवालात कदाचित या चुकीवर एक चांगलं प्रकरणही होईल. तो आत कुठेतरी शिक्षेची वाट बघत होता, आणि ती देणारं इथे कुणी नव्हतं. त्याने खानावळीत जाऊन वच्छलाबाईला सांगितलं, “शनिवारी निघू.”

एसटीत ती खिडकीशी बसली आणि नगर येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. कडा गावाच्या पुढे रानं हिरवी दिसायला लागली. त्या साली पाऊस बरा झाला होता, बाजरी कमरेला आली होती. ती हिरवळ बघून वीरभद्रचा धीर खचत गेला. आता कोण ऐकेल? पोटभर पिकल्यावर जुना दुष्काळ उकरून काढायला आलेला माणूस त्यांना वेडाच वाटेल. पाटोद्याला ती म्हणाली, “आप्पा, येक करा. माजी बाजू घेऊ नगा. तुमचं तेवडं सांगा.” त्याने मान हलवली. लिंबागणेशला उतरून पुढे जीपने गेले. संकलन केंद्राच्या दाराला कुलूप होतं. गजांतून आत कूलरची चकचकीत टाकी दिसत होती, तिच्या झाकणावर कुणीतरी लसूण वाळत घातला होता. धोंडीराम काठी टेकत घरोघर सांगून आले. दोनशे बारातल्या सतराजणी जमल्या. बसताना त्यांनी वच्छलाबाईभोवती हातभर जागा रिकामी सोडली. वीरभद्रने बसमध्ये मनातल्या मनात बोलणं जुळवलं होतं, रुद्रप्पांचं वाक्यही त्यात होतं. ती रिकामी जागा दिसली आणि ते सगळं गेलं. तो उभा राहिला, आणि उभं राहिल्यावर मांडवातल्यासारखं वाटलं म्हणून खाली बसला. मग त्याने सांगितलं. एक महिन्याचा कडबा पुरेल असं मी सांगितलं, ते तुमच्या अध्यक्षबाईंनी माझ्यावर विसंबून ऐकलं. त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. संकटं एकाच पावसाच्या पोटची आहेत, हे मी गणितातून काढून टाकलं, कारण ते ठेवलं तर गणित जमत नव्हतं आणि मला घाई होती.

मग पुढे बसलेली, काळीसावळी, कपाळावर आठी असलेली बाई बोलली. ती छबुबाई होती. “आमाला गनित न्हाई कळत. तुमाला तवा ठावूक व्हतं का न्हवतं, येवडंच सांगा.”

तळटिपेची ओळ वीरभद्रच्या जिभेवर आली. थोडं माहीत होतं, पूर्ण नव्हतं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते शास्त्राला धरून झालं असतं. सतरा तोंडं त्याच्याकडे बघत होती. “होतं,” तो म्हणाला.

छबुबाई उठली. आता ती आपल्यापाशी येईल, असं त्याला वाटलं. दोन शब्द बोलेल, शिवी देईल, त्यासाठी तो आतून तयारही झाला. ती त्याच्या अंगावरून पुढे गेली आणि वच्छलाबाईपुढे उभी राहिली. “वच्छले, काय खाल्लंस का न्हाई सकाळधरनं? ऊठ. कालवन हाय.” वच्छलाबाई उठली नाही. तिने गुडघ्यांत तोंड घातलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मग आणखी दोघीजणी सरकल्या, रिकामी जागा भरून गेली, आणि त्या तिला मधे घेऊन गल्लीने छबुबाईच्या घराकडे गेल्या. बाकीच्याही आपापल्या वाटेला लागल्या. वीरभद्रला कुणी चहा विचारला नाही. या भागात वैऱ्यालाही चहा विचारतात, हे त्याला ठाऊक होतं.

तो पिशवी उचलून निघाला, तेवढ्यात मागून हाक आली. बायनाबाई म्हणून एक म्हातारी सभासद होती. तिच्या काखेत फडक्यात बांधलेली वही होती, संस्थेच्या ठरावांची. “साहेब, तोंडाचं वाऱ्यावर जातंय. उद्या तुमी पुन्याला, आन् आज न आलेल्या बाया पुन्यांदा वच्छलाचं नाव घेनार. ह्यात लिवून जा.” तिने वही पायरीवर ठेवली. दोन वर्षं कोरी राहिलेली पानं त्याने उलटली आणि पेन काढलं. या कामाबद्दल त्याने आजवर मराठीत काही लिहिलेलं नव्हतं. पहिली दोन वाक्यं त्याने खोडली, ती फार लांब होती. मग लिहिलं: सगळी संकटं एकदम येतात हे मला ठाऊक होतं. मी ते दडवलं. वच्छलाबाईंनी मला विचारलं होतं. खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि तारीख.

“वाचा,” बायनाबाई म्हणाली.

त्याने वाचलं.

“आसं पुटपुटू नगा. मला कमी ऐकू येतं.”

त्याने मोठ्याने वाचलं. समोरच्या दारात एक बाई सूप घेऊन थांबली, तिच्या मागे दुसरी. त्याला पुन्हा वाचावं लागलं, या वेळी त्या दोघींनाही ऐकू जाईल असं. बायनाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग शाईची डबी उघडून तिने त्याच्या सहीच्या खाली आपला अंगठा उठवला, नीट दाबून, साक्षीदार म्हणून, आणि निळं बोट लुगड्याला पुसत म्हणाली, “साडेपाचची गाडी हाय फाट्यावर. चाला बिगीबिगी, मागनं दुसरी न्हाई.”